मागची झील

माझ्या दुकानावर गुजरातीत पाटी होती, ‘स्टील गिटार रिपेर थशे’. ती वाचून एक बाई आत आल्या आणि त्यांनी विचारलं, “भाई, काट तो नथी लागतो ने?” मुलासाठी गंज न चढणारी, टिकाऊ वस्तू त्यांना हवी होती. मी समजावून सांगितलं की गिटार लाकडाचीच असते, स्टीलचा असतो तो वाजवणाऱ्याच्या हातातला तुकडा. बाईंचा माझ्यावरचा विश्वास तिथेच उडाला. समोरच्या भांड्यांच्या दुकानातून डबा घेऊन त्या गेल्या.

सुरतेत मी जवळजवळ चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त केली. लोक मला ‘वाजावाळा’ म्हणत. पेट्या, बेंजो, गिटारी, सगळं हाताखालून गेलं, पण जीव रमला तो या एका वाद्यात. वाचकांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताच्या बोटांनी तार लाकडावर दाबतात. इथे तार दाबायचीच नाही. वाद्य आडवं ठेवायचं, उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातला बोटभर लांबीचा, गुळगुळीत, वजनदार पोलादी दांडू तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. मग सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जातो. वाद्य मांडीवर घेतलं तर ती साधी हवाईयन गिटार. त्याला चार पाय लावून टेबलासारखं उभं केलं की ती कन्सोल. एके काळी ऑर्केस्ट्रात कन्सोलवाला असला की निवेदक त्याचं नाव दोनदा घेत असे.

या धंद्यात मी केलेली सगळ्यात मोठी चूक या कन्सोलवरच केली. ती आधी सांगून टाकतो.

मी तेव्हा नवा होतो आणि हुशार होतो, म्हणजे स्वतःच्या मते. गिटारवाल्यांची तक्रार ठरलेली असे, ‘तार वर लागते, बोटं दुखतात.’ मी डोक्याकडची हाडाची पट्टी, जिच्या खाचांत तारा बसतात ती, कानशीने हलकेच घासून तार खाली आणत असे. त्यात माझं नाव झालं होतं. एके दिवशी नानपुऱ्याचे सोराबकाका आपली सहा तारांची कन्सोल घेऊन आले. कलकत्त्यात बनलेली, सागवानी, दिसायला साधी. काम एवढंच की तारा बदलायच्या. मी पाहिलं तर तारा खालच्या लाकडापासून बोटभर वर! मला या सज्जन माणसाची दया आली. न विचारता, न सांगता मी हाडाची पट्टी घासून तारा छान खाली बसवल्या आणि वर त्याचे पैसेही लावले नाहीत.

काका न्यायला आले. त्यांनी तिथेच दांडू टेकवला. खट्‌! तारेसकट तो खालच्या लाकडावर आपटला. जे वाद्य दाबून वाजवायचं नाही त्याची तार मी दाबता येईल अशी करून ठेवली होती.  काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, “दीकरा, एने जमीन नहीं, हवा जोईए.” हिला जमीन नको, हवा हवी. वाद्य उचलून ते गेले आणि पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. दोन गल्ल्या सोडून दिसले तर मीच रस्ता बदलत असे.

मध्ये बरीच वर्षं गेली. नव्वदचं दशक आलं आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड शिरले. एका खोक्यात सतार, बासरी, व्हायोलिन सगळंच. माझ्याकडे दुरुस्तीला वाद्यं कमी आणि अडॅप्टर जास्त येऊ लागले. अशात एका दुपारी पन्नाशीचा एक माणूस डावा हात रुमालाखाली धरून दुकानात आला. स्टुलावर न बसताच त्याने विचारलं, “भाऊ, दोन बोटं आनि अंगठा इतल्यावर वाजस असं काही शे का?”

हे सुकलालआप्पा. मूळचे अमळनेरकडचे, राहायला लिंबायतला. आधी लूमवर होते, मग पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या खात्यात. लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचे. आमच्या खान्देशी लग्नात बेंजोवाला म्हणजे नवरदेवाच्या खालोखाल माणूस. त्यातही आप्पांचं नाव पाठवणीसाठी. मुलगी सासरी निघाली की आप्पा जी चाल धरत ती ऐकून नवरीकडचेच काय, नवरदेवाचे मित्रही डोळे पुसत. मग कारखान्यात रोलरने त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. दोन बोटांनी बेंजोच्या बटनांवर चाल पळत नाही. पार्टीने कीबोर्डवाला ठेवला.

“दुसरं कायबी म्हननं नही,” आप्पा म्हणाले. त्यांनी अर्ध्यामुर्ध्या मराठीत सुरुवात केली होती, पण इथे जीभ पुरती घरच्या अहिराणीवर आली. “मन्ही पोरनं, उज्वलानं लगीन शे. दुसरास्न्या पोरी वाटे लावतांना मी वाजाडं. आते मन्ही पोर जाई तवय कीबोर्डवाला वाजाडी का?”

लग्नाला अडीच महिने होते. मी खणातून एक पोलादी दांडू काढून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो अंगठा आणि दोन बोटांत धरला, उलटसुलट केला आणि हसले. “हाई ते आपली कांडी शे!”

लूमवर आडव्या धाग्याची जी कांडी धोट्यात भरतात ती त्यांनी वीस वर्षं दिवसातून शेकडो वेळा याच बोटांत धरली होती. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना दांडू कसा धरायचा हे शिकवण्यात महिना जाई. आप्पांना ते येतच होतं. उरलेल्या दोन बोटांचं काय करायचं ते पुढे बघू असं मी ठरवलं. प्रश्न होता वाद्याचा. कन्सोल विकणारं सुरतेत तेव्हा कुणी उरलं नव्हतं. ती असणारं घर मला एकच माहीत होतं आणि त्या घरापुढून जायला मी पंधरा वर्षं टाळत होतो.

सोराबकाका गेले होते. त्यांच्या थोरल्या बहीण खोर्शेदबेन नानपुऱ्याच्या घरात एकट्या राहत. मी आणि आप्पा दारात उभे राहिलो. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अच्छा, तमे पेला कानसवाळा!” म्हणजे माझी कीर्ती त्या घरात टिकून होती.

त्यांनी आप्पांचा हात पाहिला, कशासाठी आलोय ते ऐकलं आणि आम्हाला आत नेलं. बैठकीत पांढऱ्या चादरीखाली दोन वाद्यं होती. एक ती कलकत्त्याची. दुसरी अमेरिकन, मोठ्या डौलाची. आठ-आठ तारांच्या दोन माना शेजारी-शेजारी, चकचकीत खुंट्या, पायांना रबरी बूट. खोर्शेदबेननी अट घातली. “विकवानी नथी. जे वगाडे तेने आपीश. पण बेमांथी एकच. घर साव खाली नथी करवुं.” विकायचं नाही, वाजवेल त्याला द्यायचं, पण घर अगदी रिकामं करायचं नाही; एक न्या, एक राहू दे. कोणती ते तुम्ही ठरवा आणि ठरेपर्यंत दोन्ही इथेच वाजवा.

मी कलकत्त्याच्या वाद्यावरची धूळ पुसली आणि डोक्याकडे वाकून पाहिलं. हाडाच्या पट्टीवर माझ्या कानशीचे चरे होते. आणि पट्टीवर, तारांच्या खाली, चांदीच्या चमच्याचा कापलेला दांडा बसवला होता. काकांनी तार पुन्हा वर उचलण्यासाठी घरचा चमचा कापला होता.

“तमे बगाडी, पछी सोराबे आ अमेरिकन लीधी,” खोर्शेदबेन म्हणाल्या. “पण रोज वगाडे पेलीज.” नवी घेऊनही काका रोज वाजवत ती जुनीच. मग त्या चमच्याकडे निरखून पाहू लागल्या आणि एकदम कपाळावर हात मारला. “अरे, आ तो मारी चमची! में बाई पर शक कीधो’तो!” पंधरा वर्षांपूर्वी त्या चमच्यापायी मोलकरणीशी त्यांचं भांडण झालं होतं. माझ्या कानशीचा पल्ला इतका लांब असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या रात्री मी चमच्याच्या उंचीचं माप डोळ्यांपुढे ठेवून नवी पट्टी घडवली. हाडाचीच, बरोबर तेवढ्या हवेची. जुनी, माझ्या चऱ्यांची, अजून माझ्या खणात आहे. चमच्याचा दांडा खोर्शेदबेनना परत केला. त्यांनी तो उरलेल्या चमच्यांच्या डब्यात नीट ठेवून दिला.

दर रविवारी आम्ही नानपुऱ्याला जाऊ लागलो. पुदिना आणि लीली चाय, म्हणजे गवती चहा, घातलेला चहा होई आणि दोन्ही वाद्यांची परीक्षा सुरू होई. कन्सोल पारखताना मी आधी दांडू टेकवून डोळा तारांच्या पातळीवर आणतो. दांडू आणि तार यांच्यामध्ये कुठे उजेड दिसला तर तिथली तार बेसूर बोलणार. मग एक तार छेडून श्वास रोखायचा आणि सूर किती टिकतो ते बघायचं. अमेरिकन वाद्याचा सूर माझा श्वास संपला तरी संपत नसे. स्वच्छ, भरदार, कुठे खरखर नाही. कलकत्त्याची आवाजाने लहान, जरा नाकात बोलणारी. कान ठेवून सांगायचं तर स्पर्धाच नव्हती.

पण हात ठेवून सांगायचं तर गोष्ट वेगळी होती. आठ तारा झाकायला दांडू लांब लागतो आणि लांब दांडू जड असतो. दहा मिनिटांत आप्पांचा अंगठा थरथरू लागे. कलकत्त्याच्या सहा तारांवर छोटा दांडू चाले आणि तो ते तास-तास धरत. तरी माझा हट्ट अमेरिकनचाच. मी दांडू आतून पोखरून हलका करून पाहिला.  मी सांगे ते वाद्य आप्पा वाजवत.

दोन गेलेल्या बोटांची अडचण मात्र दोन्हीकडे होती. या वाद्यात मागची दोन बोटं शोभेची नसतात. दांडूच्या मागे तारांवर ती हलकी टेकलेली असतात, त्यामुळे तारेचा मागचा भाग गप्प राहतो. ती नसली की सूर पुढे वाजतो आणि मागून त्याच तारेचा दुसराच, भुतासारखा बारीक आवाज येत राहतो. अमेरिकनवर तो नीट दबून असे. कलकत्त्याचं लाकूड जुनं, पोकळी मोठी, तिथे तो स्पष्ट ऐकू येई. कारागिराच्या भाषेत हा शुद्ध दोष.

मी त्यावर तोड काढली. सुरतेत मखमलीला काय तोटा? चामड्याच्या पट्टीला मखमलीची दोन बोटं शिवली आणि ती पट्टी आप्पांच्या तळहाताला अशी बांधली की दांडू सरकला की मखमल मागून तारांवर सरके. भूत गेलं. सूर एकदम धुतल्यासारखा झाला. माझ्या सगळ्या कारागिरीत मला त्या दोन मखमली बोटांचा जितका अभिमान वाटला तितका कशाचाच वाटला नव्हता. मी खोर्शेदबेनना तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

लग्नाला पंधरा दिवस उरले. मी म्हटलं, “आप्पा, आता ठरवा. माझं ऐकाल तर अमेरिकन.”

आप्पांनी अमेरिकनवर पाठवणीची चाल वाजवली. सुरेख वाजली. मग ते कलकत्त्याच्या पुढे जाऊन बसले, दातांनी मखमलीच्या पट्टीचं बक्कल सोडलं, पट्टी बाजूला ठेवली आणि तीच चाल वाजवली. मागून तो बारीक आवाज आला. मी चुळबुळलो.

“ती चांगली शे,” अमेरिकनकडे मान वळवून आप्पा म्हणाले, “पन एकटीच गास. हिना मांगे कोनी तरी झील धरस.”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पुढचा गायक ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले ती उचलून धरतात, त्याला झील धरणं म्हणतात. खान्देशातल्या वहीगायन नावाच्या लोकगायनात असे झीलकरी असतात.

“आप्पा, ती झील नाही, तो दोष आहे,” मी म्हणालो.

“आसी दोष. मना बाप बी तठेच उभा राहे.”

आप्पांचे वडील जन्मभर झीलकरी होते. पुढे येऊन एकदाही गायले नाहीत. नाव पुढच्याचं व्हायचं. आप्पा लहानपणी गर्दीत डोळे मिटून पुढच्या आवाजामागचा बापाचा आवाज शोधायचे. हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. इतके रविवार मी त्यांना विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय ऐकू येतं.

खोर्शेदबेन दारात उभ्या होत्या. “सोराब पण आमज वगाडतो,” त्या म्हणाल्या. काकांची सगळी बोटं शाबूत होती, तरी सवयीने ते मागची दोन उचलूनच धरत म्हणे.

मला फार वाईट वाटलं आणि ते मी इथे लपवत नाही. पंधरा वर्षांपूर्वी न विचारता तार उतरवली होती, आता न विचारता मागचा आवाज दाबला होता. दोन्ही वेळा काम सुबक केलं होतं. मी मखमलीची पट्टी खिशात घातली आणि कलकत्त्याच्या वाद्याचे पाय काढायला घेतले.

लग्न लिंबायतच्या गल्लीतच होतं, मांडवात, भर दिवसा. नवरा सुरतेजवळच्या सचिन गावात एका कारखान्यात फिटर. सचिन काही सातासमुद्रापार नाही, रिक्षाने जाता येतं, आणि मुलगी रिक्षानेच जाणार होती. तरी बायका सकाळपासून पदर तयार ठेवून होत्या. बेंजो पार्टीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, अँप्लिफायरच्या शेजारी, मी कन्सोल स्क्रूने बसवली होती. खोर्शेदबेन इस्त्रीची, पारशी भरतकामाची गारा साडी नेसून प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि अख्खी गल्ली त्यांना सरबत नेऊन देत होती. मला भीती होती ती मोठ्या आवाजाची. अँप्लिफायर वाढवला की तो मागचा आवाज शिट्टीसारखा किंचाळू शकतो. म्हणून मखमलीची पट्टी खिशात होतीच. आप्पांनी नुसती मान वळवली असती तरी मी पुढे झालो असतो.

उज्वला निघाली. आप्पांनी दांडू टेकवला. पहिली ओळ लागली, दुसरी लागली, आणि मग त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या मुलींकडे बघत वाजवत आले होते, ती सवय. हाताला घाम होता. दांडू निसटला, वाद्यावर खट्‌ आपटला आणि लारीवरून खाली रस्त्यावर घरंगळला.

ते खट्‌ मी ओळखत होतो. माझा हात खिशातल्या पट्टीकडे गेला. कीबोर्डवाला भला माणूस, प्रसंग सावरायला त्याने बोटं पुढे केली. आप्पांनी तीन बोटांचा हात वर करून त्याला थांबवलं, पण स्वतः काही करेनात. हात तसाच हवेत.  खाली वाकावं तर लारी आड येत होती.

उज्वला रिक्षाकडे निघाली होती ती परत फिरली. ही मुलगी सुरतेत वाढलेली, मैत्रिणींशी गुजराती, भावाशी हिंदी बोलणारी. तिने शालू सावरून दांडू उचलला, धूळ पदराने पुसली आणि बापाच्या अंगठ्यात नि दोन बोटांत नीट धरवून दिला.

“आप्पा, तुमनी कांडी,” ती अहिराणीत म्हणाली. “मी वळनपावत जाऊ तवपावत थांबू नका.”

आमच्याकडे रिवाज असा की नवरी गाडीत बसली की वाजवणं थांबतं. आप्पांनी तो रिवाज मोडला. ती बसली, रिक्षा सुरू झाली, तरी ते वाजवत राहिले. आवाज किंचाळला नाही. पुढे चाल चालली होती आणि मागे तो बारीक सूर तिला धरून होता. दुसऱ्या ओळीला लारीमागच्या बायकांनी तो उचलला, आधी दोघी-तिघींनी, मग सगळ्यांनी. खोर्शेदबेनना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, त्याही ओठ हलवत होत्या.

मी खिशातून हात बाहेर काढला. रिक्षा वळणावर पोहोचली, मागच्या पडद्यातून हिरव्या चुड्याचा एक हात बाहेर आला आणि हलला. रिक्षा दिसेनाशी झाली. आप्पांनी उजवा हात तारांवरून उचलला. चाल थांबली, बायका मात्र अजून झील धरून होत्या.